मनगटाचा रंग

कुंदा, तुझा फोटो लागला. खडकीच्या क्वार्टरमध्ये, टीव्हीच्या वर, जिथे फॅक्टरीचं कॅलेंडर असायचं त्या खिळ्यावर. नवीन खिळा ठोकायला तुझे बाबा, आमचे काका, तयार नव्हते, भिंत सरकारी आहे म्हणाले. पण कुठला फोटो लावायचा यावरून जे झालं ते तुला सांगायलाच हवं. भांडण मुळात तुझं होतं आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. तुझ्या स्वभावात हे बसत नाही. तू तर माझं एक चुकलेलं स्वल्पविरामचिन्ह सुद्धा दुसऱ्या दिवसावर ढकलत नव्हतीस.

तू गेल्यावर मावशींनी मला बोलावून घेतलं. तुझी आई मला कधी एकटं बोलावेल असं वाटलं नव्हतं. बोलावलं तर काय बोलायचं याची मी वाटेत तालीम केली. खडकी स्टेशनपर्यंत तीन प्रकारे सांत्वन करून पाहिलं, आणि दारात गेल्यावर तोंडातून निघालं, 'बरं आहे ना सगळं?' मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पाणी आणून दिलं. मूर्खाला पाणी देतात तसं.

मग त्यांनी स्टुडिओचं पाकीट पुढे केलं. 'बाबू, तू अन् कुंदी काम्पुटरवर फोटोचंच काम करत होते ना? मंग हा मोठा करून दे. तेराव्याले लावाचा हाय.' मी पाकीट उघडलं. तोच फोटो होता, लग्नासाठी काढलेला. निळा पडदा, खुर्ची, खुर्चीच्या हातावर तुझा हात, आणि मानेवर कुणाचं तरी गोरंपान तोंड. मी तो बघतोय तोवर मावशी पुढे म्हणाल्या, 'अन् जराशी उजय कर तिले.'

उजळ. आधीच उजळलेल्या फोटोला.

आता तू हसशील. हस. मला नाही हसता आलं.

आपण दोघं कंपनीत फोटोचं काम करतो असं त्यांना वाटत होतं, ही तुझीच करामत. त्या कंपनीत आपण बँकेच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरवर काम करायचो, मी त्यातले दोष शोधायचो आणि तू त्याची माहितीपत्रकं लिहायचीस. त्याबद्दल दोघांनाही घरी सांगण्यासारखं काही नव्हतं. आयकॉन मात्र दाखवता यायचे. म्हणून घरी तू तेच दाखवलंस.

परदेशी गेलेल्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर गप्पांचा एक फोरम काढला होता आणि तिथे टीव्हीवरच्या आपल्या त्या तीन जावांच्या मालिकेवर रोज चर्चा चालायची. ज्यांना ती बघायला मिळत नसे ते सगळ्यांत जास्त बोलत. लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी एक इवलं चौकोनी चित्र लावायची सोय होती, शंभर ठिपके रुंद आणि शंभर ठिपके उंच. त्याला आयकॉन म्हणत. मालिका चालू असताना पडद्यावरचं चित्र पकडायचं, त्यातला एक तुकडा कापायचा, रंगवायचा आणि ज्याला हवा त्याला फुकट द्यायचा. बोटाच्या पेराएवढी जागा. पण त्या जागेपायी भली भली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

तिथे 'कोपरा' या नावाने कुणीतरी अप्रतिम आयकॉन टाकायचं. ही परदेशातली कुणी साठीतली बाई असणार असं मी ताडलं, कारण शुद्धलेखन बरोबर होतं. मी लिहायचो, 'काकू, आपण फार सुरेख रंगवता.' उत्तर यायचं, 'सुखी राहा बाळ.' हे कित्येक महिने चाललं. काकूंना मी सगळं सांगायचो. आमच्या मजल्यावर एक खडूस मुलगी आहे, माझ्या प्रत्येक कागदात चुका काढते, काय करू, असंही विचारलं. काकूंनी सल्ला दिला की बाळ, चुका करू नकोस.

मग एका दुपारी मी तुझ्या टेबलाशी भांडायला आलो. तुझ्या पडद्यावर आपल्या मालिकेतल्या बाईचा डोळा इतका मोठा करून ठेवलेला होता की त्याचे नुसते चौकोन दिसत होते. कडेला तो छोटा, पुरा झालेला चौकोन. मी तो दहा हजारांत ओळखला असता. तू मागे वळलीस आणि म्हणालीस, 'बस बाळ.'

माझं नाव मंदार. त्या दिवसापासून तू ते क्रॉप करून 'मंद' केलंस. ते इतकं अंगाला बसलं की माझ्या मॅनेजरनेही उचललं.

माझे आयकॉन कसे होते ते आता तू नाहीस तर कबूल करायला हरकत नाही. मी परदेशी मुलींनी लिहिलेल्या कृती वाचून रंगवायचो. आधी निळ्याचा थर, त्यावर गुलाबी, त्यावर पिवळट, मग सगळं थोडं विरळ करायचं. त्यांच्या नट्यांवर त्याने सोनेरी संध्याकाळ उतरायची. आपल्या मालिकेतल्या थोरल्या जावेवर कावीळ उतरली. धाकटीला मी जांभळं केलं. नायकाच्या नाकावर माउसचा बाण तसाच राहिला आणि मी तो आयकॉन स्पर्धेला पाठवला. दुसऱ्या स्पर्धेचा विषय होता 'तिच्याकडे पाहताना'. मी पकडलेलं चित्र नेमकं मालिका संपून जाहिरात सुरू होण्याच्या क्षणाचं निघालं, आणि माझा नायक प्रेमभराने संडास धुण्याच्या बाटलीकडे बघत होता. त्याला सगळ्यांत जास्त मतं मिळाली. तू सुद्धा दिलंस. कारण लिहिलं होतंस, 'नजर खरी आहे.'

तुझ्या आयकॉनमध्ये मात्र ना नायक असायचा ना नायिका. तू फक्त मधली रंगवायचीस. तीन जावांतली मधली, जिला लेखकाने चहाचे कप देऊन मागे उभं केलं होतं. पुढे दोघी भांडत असायच्या, कॅमेरा त्यांच्यावर, आणि ही कोपऱ्यात अर्धी दिसायची. तू तेवढा कोपरा कापून आणायचीस. त्यासाठी तुला चांगलं चित्र हवं होतं, म्हणून आपण बुधवार पेठेत टीव्हीचं कार्ड आणायला गेलो होतो. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसण्याचं कार्ड. दुकानदाराने विचारलं, घरात टीव्ही नाही का? तू म्हणालीस, आहे. तो म्हणाला, मग कार्ड कशाला? तू म्हणालीस, टीव्ही थांबत नाही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, 'पैसे रोख.' पुण्यात याहून मोठी दाद मिळत नाही.

त्या कार्डाने मावशींचा छळ सुरू झाला. केबलची वायर घरात एकच. ती टीव्हीतून काढून कॉम्प्युटरला लावली की मावशींना पलंगाच्या टोकाशी बसून त्या एवढ्याशा पडद्यावर मालिका बघावी लागायची. आणि मधली दिसली की तू बटण दाबायचीस. त्या म्हणायच्या, 'काऊन टकटक करतं वं? पाहू दे ना लोकायले.' लोक म्हणजे त्या एकट्या. काका तेव्हा बाहेर व्हरांड्यात. मी दोन-तीनदा आलो होतो. मावशींच्या हातची शेवभाजी खायला येतो असं सांगितलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

रंगावरून आपलं जे वाजलं ते तिथेच. तू मला मधली थांबवून दाखवलीस, कप पुढे करताना. म्हणालीस, 'तोंड बघ. आता हात बघ.' मी बघितलं. मेकअपवाल्याने तोंडावर डबा रिकामा केला होता आणि मनगटापाशी येईतो डबा संपला होता. चेहरा मैद्याचा आणि हात नाचणीचे. रोज रात्री सगळी मराठी घरं ते बघत होती, मीही बघत होतो, आणि कधी दिसलं नव्हतं.

तुझी पद्धत ती. माउसने ड्रॉपर मनगटावर टेकवायचा, तिथला रंग उचलायचा, आणि तो चेहऱ्यावर न्यायचा. एकदम नाही. आधी हनुवटीखाली, मग जबड्याच्या कडेने, मग गालावर, कपाळ सगळ्यांत शेवटी. कपाळावर उजेड असतो, म्हणायचीस, आणि उजेड म्हणजे गोरेपणा नव्हे. तुझ्या हाताखालून निघालेली मधली बघितली की वाटायचं, ही बाई आत्ता काहीतरी बोलणार आहे. मालिकेत तिला वाक्यं नसायची.

फोरमवर कुणीतरी विचारलं, मधलीला काळी का केलीत? तू उत्तर लिहिलंस, 'केली नाही. धुतली.' त्यावर बरंच रामायण झालं. एका बाईने तुझाच आयकॉन उचलला, परत गोरा केला आणि 'सुधारून दिला आहे' असं लिहून टाकला. त्या दिवशी तू जेवायला खाली आली नाहीस. मी तुझा डबा खाल्ला आणि वर येऊन सांगितलं की वांगी खारट होती. तेवढंच मला सुचलं होतं.

आणि मग मी शहाणपणा केला. पेठेत वाढलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, हा दोष तू माझ्या पहिल्याच कागदात काढला होतास. कँटीनमध्ये मी म्हणालो, 'पण तिला विचारलंस का? ती बाई रोज खुर्चीत बसून तो चेहरा लावून घेते. तिला तसंच दिसायचं असेल. जन्मभर ऐकलं असेल तिने. तू कोण तो पुसणारी?'

तू बराच वेळ चहा ढवळत बसलीस. त्यात साखर नव्हती. मग म्हणालीस, 'अर्धं बरोबर बोललास, मंद. राहिलेल्या अर्ध्याचं उत्तर नंतर देते.'

ते नंतर राहिलं. मी आठवण केली नाही असं नाही. दोनदा केली. एकदा तू म्हणालीस, अजून नीट सापडलेलं नाही. दुसऱ्यांदा तुला बस आली.

कुंद म्हणजे पांढरं फूल, हे तुला शाळेतल्या प्रत्येक बाईंनी हजेरी घेताना सांगितलं होतं. तू मला ते सांगायचीस तेव्हा त्या सगळ्या बायांचे आवाज काढायचीस. स्टुडिओतली गोष्ट पण अशीच, आवाज काढून सांगितलीस. मावशींनी तुला लग्नाच्या फोटोला नेलं. स्टुडिओवाल्याने न विचारता तोंड उजळून दिलं, त्यांच्याकडे ते दरातच धरलेलं असतं. फोटो फिरला, पसंत पडला, मुलाकडची माणसं खडकीला आली. तू बाहेर येऊन बसलीस. मुलाच्या आत्याने तुझ्याकडे पाहिलं, हातातल्या फोटोकडे पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, 'ही थोरली का? धाकटीला बोलवा ना.'

त्या आत्याचा आवाज तू इतका बेमालूम काढलास की मी हसलो. मोठ्याने हसलो. बसमधली माणसं वळून बघायला लागली. मग मला दिसलं की तू हसत नव्हतीस, तू फक्त आवाज काढत होतीस.

त्यानंतर तू कर्वेनगरला मुलींबरोबर खोली घेतलीस. तिथून बस सोयीची पडते असं सगळ्यांना सांगितलंस. ती पडत नव्हती, मी त्याच बसने यायचो. ऑफिसात आपल्याबद्दल जे काय बोललं जायचं ते खरं नव्हतं. खोटं होतं असंही मी आता शपथेवर सांगणार नाही. पण घरी काय झालं ते मी तुला कधी विचारलं नाही. आपण शंभर ठिपक्यांच्या पलीकडे फारसं गेलो नाही, कुंदा. त्या चौकोनात सगळं मावतंय असं मला वाटत होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे आणि मला ते नीट लिहिता येणार नाही. काम संपवून द्यायचा आठवडा होता. तुला ताप होता. त्या पावसाळ्यात अर्ध्या मजल्याला ताप होता. तू गोळी घेऊन येत होतीस, स्वेटर घालून बसत होतीस. मी म्हटलं, घरी जा. तू म्हणालीस, कुठल्या? मी ते विनोद म्हणून घेतलं. मावशींना कळलं ते तुझ्या खोलीवरच्या मुलीने हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा, आणि तोवर तुला माणसं ओळखू येत नव्हती.

तर पाकीट. मी मावशींना म्हणालो, मावशी, हा रंग तिचा नाही. दुसरा कुठला फोटो नाही का? दुसरा नव्हताच. त्या स्टुडिओनंतर तू कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाहीस, आणि ऑफिसच्या ओळखपत्रावर आपण सगळेच फरार आरोपी आहोत. तरी मी बोलत राहिलो. तिला हा फोटो आवडत नव्हता, म्हणालो. तुझ्या वतीने बोलतोय असा माझा समज होता.

मावशी पोळ्यांचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, 'माह्या पोटची हाय ते. मले नाही माहीत का तिचा रंग?'

तुमच्या घरी ळ चा य होतो. काळी हा शब्दही तिथे कायी होऊन येतो, जरा मऊ होऊन. तू म्हणायचीस, आमच्याकडे शिवीलाही तूप लावतात. त्या दिवशी तो मऊ नव्हता. 'शायेत कायी म्हनलं,' त्या म्हणाल्या. 'लगनाघरी म्हनलं. पाहाले आले त्याहीनं तर नाव बी नाही घेतलं तिचं. जन्मभर आयकलं पोरीनं. आता हार घातलेल्या फोटोले तरी कोनी म्हनू नये. एवढं करत नाहीस का तू?'

हे माझंच बोलणं होतं. कँटीनमधलं, जन्मभर ऐकलं असेल तिने, तू कोण पुसणारी. माझंच वाक्य माझ्यासमोर उभं होतं आणि त्याचं उत्तर फक्त तुझ्यापाशी होतं.

निघताना त्यांनीच सांगितलं, तू घर सोडलंस त्या दिवशी काय म्हणालीस ते. फोटो टेबलावर आपटलास आणि म्हणालीस, 'तुले हेच पोरगी पाहिजे होती ना? तं ठेव इले घरात. मी जातो.' मावशींनी ते जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या आवाजात. आवाज काढायची कला तुझ्याकडे कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

रविवारी दुपारी मी बसलो. आमच्या घरी आईने येऊन चहा ठेवला आणि काही विचारलं नाही. आमच्या पेठेत हा दुखवटाच समजायचा. फोटो स्कॅन केला, मोठा केला, निळा पडदा काढला. मावशींनी सांगितल्यासारखी तुला उजळ केली. आणि कुंदा, काम फार सफाईदार झालं. कुठे पट्टा नाही, कुठे कडा नाही. इतक्या वर्षांत तू मला शिव्या देऊन जे शिकवलंस ते सगळं मी तुझ्याविरुद्ध वापरलं.

ते संपवून फाइल बंद करणार तोच खुर्चीच्या हातावरचा तुझा हात दिसला. स्टुडिओवाल्याचाही डबा मनगटापाशी संपला होता.

मी फाइलची दुसरी प्रत काढली आणि ड्रॉपर टेकवला. आधी हनुवटीखाली. मग जबड्याच्या कडेने. गालावर आलो तेव्हा नाकाचा आकार बदलल्यासारखा वाटला. तो बदलला नव्हता, आधी तो दिसतच नव्हता. डोळ्यांखाली तुझी ती दोन गडद वर्तुळं स्टुडिओवाल्याने बुजवली होती, ती मला माझ्या आठवणीने घालावी लागली. बरोबर आली की नाही माहीत नाही. डावं जरा जास्त झालं असावं. कपाळाशी पोचलो आणि तू माझ्याकडे बघायला लागलीस. माझ्या कागदात चूक सापडली की बघायचीस तसं. मी उठून गॅलरीत गेलो. आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, हो. आणि मग मला जे रडू आलं ते खाली दुकानातल्या लोकांनी वर बघावं इतकं वाईट होतं. तिथल्या एकाने दुसऱ्याला काय सांगितलं तेही मला ऐकू आलं. 'परीक्षेत नापास झाला असेल.' माझं वय बघता हा अपमानच होता.

बुधवार पेठेत दोन्ही छापून घेतले. छापणाऱ्याने एकाच नळीत गुंडाळून दिले. पहिला मी मावशींना दिला. त्यांनी तो दिव्याखाली नेऊन बघितला आणि म्हणाल्या, 'चांगला झाला.' दुसरा नळीत तसाच राहिला. यात काही धाडस नव्हतं. तो घरी ठेवला तर आई तो काढून बघेल आणि माझं सांत्वन करील, या भीतीने मी नळी पाठीवरच्या पिशवीत घेऊन हिंडत होतो. तेराव्यालाही ती पिशवी माझ्या पाठीवरच होती.

तेराव्याला क्वार्टर भरून गेलं. काकांच्या खात्यातले लोक, शेजारी, आपल्या ऑफिसातले चौघे कोपऱ्यात बूट हातात घेऊन. फोटो खिळ्यावर होता, चंदनी हार, खाली समई. मावशी त्यापुढे बसल्या होत्या, हात जोडून, देवळात बसतात तशा. येणारा येत होता, हात जोडत होता. एक बाई दुसरीला म्हणाली, किती गोड दिसते. मावशींनी ते ऐकलं. मला वाटलं, चला, त्यांना हवं ते मिळालं. कँटीनमधल्या वादात मी जिंकलो असं सुद्धा क्षणभर वाटलं, आणि लाज वाटली.

तेवढ्यात तुझे मूर्तिजापूरचे मामा आले. रात्रभराचा प्रवास करून आले होते. टोपी काढून फोटोसमोर टेकले. बराच वेळ बघत राहिले. मग मावशींकडे वळून, अगदी हळू, बहिणीला लाज वाटू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, 'बाई, हा फोटो कोनाचा लावला? आपल्या कुंदीचा नाही भेटला का?'

काका व्हरांड्यातून आत बघत होते. मामांना वाटलं त्यांचं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी परत विचारायला तोंड उघडलं, तेव्हा मावशी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला हाक मारली. मी गेलो. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

'दुसरा हाय ना तुह्यापाशी?'

मी म्हटलं, कसला दुसरा.

'तुम्ही दोघं एका फोटोचे तीन करत होते. मले ठाऊक हाय. दे.'

मी नळी काढली. माझ्या हाताने झाकण निघेना, मावशींनीच काढलं. तो फोटो त्यांनी दिव्याखाली नेला नाही. तिथेच, ओट्यावर पसरला, कडेला पीठ होतं त्यात. बघितला. बोट नेऊन तुझ्या डाव्या डोळ्याखाली ठेवलं. 'हे जास्त झालं,' म्हणाल्या. मी म्हटलं, हो. 'राहू दे,' म्हणाल्या.

काकांनी फ्रेम खाली उतरवली. सगळ्या लोकांदेखत जमिनीवर बसून मागचे खिळे वाकवले, काच काढली. पहिला फोटो ते बाहेर काढायला लागले तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरला. तो तसाच राहू द्या, वरून हा लावा. काकांनी तसंच केलं. दोन कागद झाल्यामुळे काच नीट बसेना, त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून बसवली. फ्रेम परत खिळ्यावर गेली. मामांनी वर पाहिलं आणि त्यांना जो हुंदका आला तो ऐकून शेजारची बाई बाहेर निघून गेली.

मावशी परत त्याच जागी बसल्या. पण या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. पदर खोचला, एक मांडी घातली, एक पाय दुमडून उभा केला, आणि मान वर करून तुझ्याकडे बघितलं. कॉम्प्युटरवर टकटक चालली असताना पलंगाच्या टोकावरून बघायच्या तसं.

'ताप आला तं मले फोन काऊन नाही केला वं?' त्या म्हणाल्या.

आणि उत्तरासाठी थांबल्या.